पाचवी सीट

शुक्रवारी आम्ही गाडीने देश पार करणार आहोत, असं मी ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीना सलमानच्या बंदराजवळ आमचं ऑफिस आहे. जहाजाने येणाऱ्या मालाचे कागद तयार करणं हे माझं काम. शेजारच्या टेबलावरच्या केरळी बाईने विचारलं, "कुठला देश? सौदीला जाता?"

"नाही. हाच. बहरीन. वरून खाली."

मग तर हसण्याला ऊतच आला. एक जण म्हणाला, "एसी गार होईपर्यंत समुद्र येईल. ब्रेक लावायला विसरू नकोस."

त्यात खोटं काही नव्हतं. रहदारी नसेल तर या बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला तासभर पुरतो. आमच्या गावाहून रत्नागिरीला जायला याच्या तिप्पट वेळ लागतो. पण देश लहान आहे म्हणून तो बघायचाच नाही, हे कुणी ठरवलं? बारा वर्षं मी इथे राहत होते. सनाबिसचा फ्लॅट, मुलीची शाळा, हे ऑफिस आणि दोन मॉल, एवढ्यातच माझी बारा वर्षं फिरत होती. हसणाऱ्यांचीही तीच गत होती, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "हसा. रविवारी येऊन सांगते कसा झाला प्रवास."

ही सगळी खटपट अब्बांसाठी होती. आई गेली आणि वर्षभराने मी त्यांना व्हिजिट व्हिसावर सहा आठवड्यांसाठी बोलावून घेतलं. वय चौऱ्याहत्तर, साखर आहे, उजवा गुडघा कामातून गेलेला. गावी ते माझ्या मोठ्या भावाकडे असतात. भाई मनाचा वाईट नाही, पण अब्बांना विमानात बसवण्याआधी त्याने मला व्हॉइस नोट्सवर व्हॉइस नोट्स पाठवल्या. जिना उतरू देऊ नको, उन्हात नेऊ नको, बाहेरचं खाऊ घालू नको. शेवटच्या नोटमध्ये म्हणाला, "आता त्यांचं वय बसायचं आहे. बसू दे त्यांना."

आणि अब्बा खरंच बसले. गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या पार्किंगकडे बघत दिवसच्या दिवस बसले. "चहा करू?" "कर." "बरं वाटतंय ना?" "बरा हाय." मी कामावरून यायची तेव्हा ते सकाळच्याच जागी असायचे. माझ्या लहानपणी गावच्या विहिरीवर पंप बसवताना दोरीला लटकून खाली उतरणारा माणूस तो हाच, हे मला स्वतःला पटवून द्यावं लागायचं.

अब्बांना बहरीन नवं नव्हतं. माझ्या जन्माच्या आधीपासून नऊ वर्षं त्यांनी इथे पाइप फिटर म्हणून काम केलं होतं. एका रात्री जेवताना माझ्या मुलीने त्यांना विचारलं. ती तेरा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये येतं. "नाना, यू लिव्ह्ड हिअर फॉर नाइन इयर्स. व्हॉट ऑल डिड यू सी?"

अब्बांनी घास खाली ठेवला आणि खरंच आठवून पाहिलं. "कॅम्प बघितला," ते म्हणाले. "बस बघितली. चर बघितली."

"चर म्हणजे व्हॉट?"

"पाइप पुरायला लांबच लांब खड्डा खणतात ना, तो. आम्ही खाली ह्या देशाच्या टोकापर्यंत पाण्याची लाईन टाकली. काळोखात बस घेऊन जायची, काळोखात आणून सोडायची. दिवसभर चरीत. डोक्याच्या वर वाळू."

"अँड द सी?"

"वास यायचा. बघायला कोण सोडतंय?"

"खलास? दॅट्स इट?" मुलीने विचारलं.

"खलास," अब्बा म्हणाले आणि हसले. मग, आमच्या घरात आजवर कधीच न सांगितलेली गोष्ट त्यांनी त्या रात्री सांगितली.

कॅम्पमध्ये कुणीतरी सांगितलं होतं की दक्षिणेला वाळवंटात एक झाड आहे. आजूबाजूला पाण्याचा थेंब नाही, दुसरं झाड नाही, तरी ते शेकडो वर्षं उभं आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. अब्बा आणि तिघे जण एका पठाण ड्रायव्हरच्या पिकअपमध्ये मागे बसून ते झाड बघायला निघाले. नवे कपडे घातलेले, अत्तर लावलेलं. रिफा शहर ओलांडलं आणि समोरून त्यांच्या फोरमनची गाडी आली. त्याने गाडी वळवली, यांना अडवलं आणि भर रस्त्यात खाली उतरवलं. "कुणाला विचारून निघालात?" कंपनीची पिकअप नव्हती, कामाचा दिवस नव्हता, तरी विचारायला हवं होतं. चौघांना कॅम्पवर परत आणलं आणि सगळ्यांची गावी जायची रजा सहा महिने पुढे ढकलली.

"माझी रजा पुढल्याच महिन्यात होती," अब्बा माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुझ्या येळेची."

माझ्या हातातलं भातवाढणं तसंच राहिलं. आई आयुष्यभर एक वाक्य बोलायची. मी जन्मले तेव्हा घरात पुरुषमाणूस नव्हता, रात्री खाडी ओलांडून तिला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि "तुझा बाप तिकडं बहरीनला मजा मारत होता." शंभरदा ऐकलं असेल मी ते. अब्बा समोर असायचे आणि एकदाही त्यांनी तिला खोडून काढलं नव्हतं.

"तुम्ही आईला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? झाड बघायला निघालो होतो म्हणून? मजा मारायलाच निघालो होतो गो. पोचलो नाय, एवढंच."

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "येत्या शुक्रवारी आपण जायचं. झाडापर्यंत नाही, पार टोकापर्यंत."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. एसीचे डक्ट बनवतात तिथे. शांत माणूस, नियमात राहणारा. "त्यांचा गुडघा बघ," तो म्हणाला. "आणि भाईला काय सांगशील?"

भाईला सांगायची वेळच आली नाही. मुलीने फॅमिली ग्रुपवर "रोड ट्रिप विथ नाना" असं टाकलं आणि दहा मिनिटांत त्याचा फोन आला. "वाळवंटात नेणार त्यांना? काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी."

"तू लहानपणापासून हट्टी आहेस."

"होय," मी म्हटलं. "आहे."

मी फोन ठेवून दिला. भाईसमोर मी असं कधी बोलले नव्हते. पण गॅलरीतल्या त्या खुर्चीत बसून अब्बा रोज थोडे थोडे कमी होत होते, ते मी बघत होते. तो बघत नव्हता.

शुक्रवारी सकाळी अब्बा माझ्या आधी तयार होते. पिशवीत लुंगी, टॉवेल, टोपी आणि गोळ्यांचा डबा त्यांनी स्वतः भरला होता. देश पार करायचा तर टोकापासूनच, म्हणून आम्ही आधी उत्तरेला मुहर्रकच्या किनाऱ्यावर गेलो, पाण्याला हात लावला आणि गाडी फिरवली. मी चालवत होते. गुडघ्यासाठी अब्बा पुढे, नवरा आणि मुलगी मागे. मागे एक जागा मोकळी, तिच्यावर खाण्याचे डबे.

"पयला सलमाबाद," अब्बा म्हणाले.

"तिथं काय बघायचं?" मागून नवरा म्हणाला. "मी रोज जातो. पत्रे आणि ट्रक."

"मना माझा कॅम्प बघायचा हाय."

अब्बांचा कॅम्प नेमका कुठला, ते सापडलं नाही. रस्ते बदललेले, गोदामं वाढलेली. शेवटी एका दुमजली लांबट इमारतीसमोर ते म्हणाले, "थांब. हा नाय, पण असाच." सुट्टीचा दिवस होता. कठड्यांवर कपडे वाळत होते, अंगणातल्या नळाशी माणसं दाढ्या करत होती. फाटकावरच्या वॉचमनने आत जाऊ दिलं नाही. अब्बा हट्टाला पेटले नाहीत. फाटकाबाहेरच्या कठड्याला टेकून उभे राहिले आणि तिथे धुतलेले बूट उन्हात मांडत बसलेल्या एका माणसाशी हिंदीत बोलू लागले. पंचेचाळिशीचा असेल. तेलुगू मुलखातला, लोखंडी सळ्या बांधायचं काम करणारा. सात वर्षं झाली होती त्याला इथे.

"क्या क्या देखा इधर?" अब्बांनी त्याला विचारलं.

आमच्या जेवणाच्या टेबलावर मुलीने विचारलेला प्रश्न होता तो. माणसाने बूट खाली ठेवले. "कॅम्प, चाचा. साइट. एक बार मनामा गया था, मोबाइल लेने."

"समुंदर?"

तो नुसता हसला.

अब्बा वळले आणि गाडीपाशी आले. काचेतून मला म्हणाले, "मागं एक सीट रिकामी हाय ना?"

मला कळलं. नवऱ्यालाही कळलं, कारण तो ताडकन खाली उतरला. आम्ही गाडीच्या मागे उभे राहून हळू आवाजात भांडलो. नवरा म्हणत होता, ओळख ना पाळख, गाडीत वयात आलेली मुलगी आहे, रस्त्यात कुणी चौकशी केली तर काय सांगायचं? "माझी अर्धी माणसं याच भागात राहतात. उद्या कुणी म्हणालं, साहेब यांना घेऊन फिरतो, तर?" त्याचा एकही मुद्दा खुळा नव्हता. मी एवढंच म्हटलं, "अहो, इथे आल्यापासून अब्बांनी आज कुठे स्वतःहून काही मागितलंय. मी नाही म्हणणार नाही. तुम्हाला म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा, त्यांच्या तोंडावर."

तो म्हणाला नाही. मागच्या सीटवरचे डबे उचलून त्याने डिकीत ठेवले, जरा आपटूनच.

तेलुगू माणूस आधी नको नको म्हणाला. मग वॉचमन फाटकातून ओरडला, "जाओ ना बाबा, रोज रोज कौन पूछता है!" तसा तो आत पळाला आणि पाच मिनिटांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस ओले करून चापून बसवून आला. गाडीत बसताना त्याने आधी सीटवर हात फिरवून पाहिला आणि मग अगदी कडेला, दाराला चिकटून बसला. मधे माझा नवरा, दुसऱ्या बाजूला मुलगी. आठवडाभर ज्या लोकांना कामं वाटून द्यायची, त्यांच्यापैकी एकाच्या खांद्याला खांदा लावून नवरा बसला होता. आरशात मला त्याचे ताठ झालेले खांदे दिसत होते.

रिफा मागे पडलं आणि रस्ता ओसाड झाला. तेलाच्या पाइपांच्या रांगा, तारांची कुंपणं, पिवळट माती. झाड लांबूनच दिसलं. पठारावर एकटंच, बाभळीच्या जातीचं, फांद्या जमिनीला टेकलेल्या. भोवती कुंपण होतं, बाकं होती, चार-पाच कुटुंबं फोटो काढत होती. अब्बा काठी टेकत टेकत कुंपणापर्यंत गेले आणि बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, आता डोळे भरून येतील. मी स्कार्फ सावरून त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"ह्याच्यासाठी माझी रजा सहा महिने पुढं गेली?" अब्बा म्हणाले. "आपल्या कुंपणाला ह्याच्याहून मोठी बाभळ हाय."

तेलुगू माणसाला आम्ही हिंदीत सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, "चाचा, हमारे गाँव में ऐसा झाड़ बकरी खाती है." माझी मुलगी हसत खाली बसली. अब्बा त्या कुंपणाला धरून असे हसले की काठी हातातून पडली. इतकी वर्षं त्यांनी मनात ठेवलेली ती शिक्षा त्या हसण्यातून कुठेतरी उडून जात होती, असं मला वाटलं. नवरा मात्र हसला नाही. त्याने काठी उचलून दिली.

जुम्म्याची वेळ झाली तशी वाटेतल्या एका गावात मशिदीशी थांबलो. अब्बा आणि नवरा नमाजाला गेले. मी, मुलगी आणि तो माणूस गाडीशेजारी सावलीत उभे राहिलो. मी त्याला डब्यातल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि बटाट्याची भाजी दिली. त्याने मोबाइलवर त्याच्या मुलीचा फोटो दाखवला. माझ्या मुलीच्याच वयाची, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या. "मॅथ्स में फर्स्ट," तो म्हणाला. मग माझ्या मुलीला विचारलं, "तुम मॅथ्स में?" मुलीने माझ्याकडे चोरून पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मराठीत उत्तर दिलं, "मम्मा, सांगू नको."

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही खाली दक्षिणेला पोचलो. तिथला किनारा बराचसा बंद आहे. कुठे भिंत, कुठे तार. शोधत शोधत एका छान किनाऱ्याच्या फाटकाशी गेलो. आत छत्र्या दिसत होत्या आणि छत्र्यांमधून निळं, अगदी शांत पाणी. आडव्या दांड्यापाशी गार्ड होता, आपल्याकडचाच. त्याने वाकून गाडीत पाहिलं. अब्बा, मी, नवरा, मुलगी. मग त्याची नजर पांढऱ्या शर्टावर थांबली.

"फॅमिली ओन्ली," तो म्हणाला. "ये अंदर नहीं जाएगा."

"हमारे साथ है," मी म्हटलं.

"मॅडम, आप लोग जाइए. ये इधर छाँव में बैठेगा. पाणी देतो मी त्याला." शेवटचं वाक्य त्याने मराठीत म्हटलं. माझ्या हिंदीवरून त्याला आमची भाषा कळली असावी. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. त्याला नेमून दिलेलं तो बोलत होता.

आता खरं लिहायचं तर लिहिते. त्या क्षणी माझ्या मनात आलं, काय हरकत आहे? अब्बांचा समुद्र पन्नास पावलांवर आहे. तासाभराचा प्रश्न. त्याला नंतर खाऊ घालू. आणि तो माणूस तर आधीच दार उघडत होता, "कोई बात नहीं, मॅडम, मैं बैठता," म्हणत. त्याला त्यात नवं काही नव्हतं. त्यामुळेच मला ते इतकं सोपं वाटलं.

"बैठ," अब्बा मागे न वळता म्हणाले. मग गार्डला, "ये मेरी फॅमिली है."

"चाचा, फॅमिली कैसे? रिश्ता क्या?"

"चालीस साल पहले मैं भी इसके कॅम्प में था. ये रिश्ता."

गार्डने खांदे उडवले. दांडा खालीच राहिला. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या, हॉर्न वाजला. मी आरशात पाहिलं. नवऱ्याने हात लांब करून तेलुगू माणसाच्या पुढ्यातून दार ओढून घेतलं आणि धाडकन लावलं. "गाडी वळव," तो मला म्हणाला. "सगळे जातील, नाहीतर कुणी नाही."

"अहो, पण अब्बा..."

"अब्बांनाच विचार."

अब्बांनी हाताने वळण्याची खूण केली. मागच्या गाड्यांनी वाट देईपर्यंत मला तीनदा पुढे-मागे करावं लागलं. हॉर्न वाजतच होते. त्या शेवटच्या वळणात मी मुद्दाम घाई केली नाही.

फाटक मागे पडल्यावर नवरा म्हणाला, "डावीकडे एक कच्चा रस्ता गेलाय. घे." तिथून चार हेलकावे खात आम्ही एका मासेमारीच्या जागी उतरलो. तीन-चार होड्या, प्लास्टिकचे कॅन, आणि तारेचे मोठे गोल पिंजरे. ते पाण्यात सोडून मासे पकडतात. एक म्हातारा बहरीनी मांडी घालून पिंजऱ्याची तार ओवत बसला होता. आम्ही पाच जण उतरलेले बघून त्याने काही विचारलं नाही. नुसतं "तफद्दल" म्हणाला, या, आणि थर्मासकडे हात केला.

अब्बांची अरबी गंजलेली होती, म्हाताऱ्याची हिंदी मोडकी. तरी दोघांचं जमलं. अब्बांनी सांगितलं की पूर्वी इथे पाण्याच्या पाइपचं काम करायचो. म्हातारा म्हणाला, तो पोरगेला होता तेव्हा त्यांच्या गावात टँकर यायचा आणि बायका भांडायच्या. मग लाईन आली. अब्बा चहाचा घोट घेत म्हणाले, "ती आमचीच असेल असं काय नाय. लय लोकांनी टाकल्या." पण नंतर दोन वेळा त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाला तो, लाईन कवा आली म्हणाला?"

मग होडीच्या आडोशाला जाऊन ते लुंगी नेसून आले. मी एका बाजूने धरलं, तेलुगू माणसाने दुसऱ्या. पाणी उथळ होतं, बरंच आत गेलं तरी गुडघ्याएवढंच. अब्बांनी आम्हा दोघांचे हात सोडले आणि सरळ पाण्यात बसले. छातीपर्यंत पाणी. टोपी डोक्यावर तशीच. तेलुगू माणूस पँट दुमडून उभा होता. नवरा किनाऱ्यावरून ओरडला, "अरे जा ना पूरा! शर्ट दे इधर!" आणि पुढे येऊन त्याचा शर्ट घेतला, नीट घडी केली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली. तो माणूस पाण्यात आडवा झाला आणि त्याने जो ओरडा केला, तो ऐकून पिंजरेवाला म्हातारा हसू लागला.

मुलीने हे सगळं मोबाइलवर टिपून फॅमिली ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत भाईचा फोन. मी उचलायच्या आत अब्बांनी पाण्यातूनच हात पुढे केला. "आण इकडं."

भाईचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. गुडघा, साखर, न्यूमोनिया. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं.

"तूच म्हणालास ना, बसू दे त्यांना?" ते म्हणाले. "बसलोय. मस्त बसलोय," आणि फोन मुलीच्या हातात दिला.

गुडघा सुजला, हेही सांगितलं पाहिजे. दोन दिवस बर्फ लावावा लागला, आणि भाई म्हणाला, "बघ." मी म्हटलं, बघितलं. तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि अब्बा गॅलरीतली खुर्ची उचलून आत ठेवून खाली चालायला गेले. जिन्यानेच.

नवऱ्याने रविवारी वर्कशॉपच्या मॅनेजरला विचारलं की कंपनीची बस शुक्रवारी असतेच, तर एकदा माणसांना समुद्रावर नेऊ का? मॅनेजरने कामगारांचे नियम सांगितले, विमा सांगितला, इंशाल्ला बघू म्हणाला. इंशाल्ला बघू म्हणजे मफी, काही नाही, हे इथे बारा वर्षं काढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नवरा घरी येऊन जेवला आणि जेवता जेवता म्हणाला, "आपल्या गाडीत पुढे मी, आणि चार माणसं बसतात." त्याने हे कुणाला विचारलं नव्हतं. मला तर नाहीच.

अब्बा गावी परतेपर्यंत तीन शुक्रवार ते झालं. चौघे जायचे, त्यात पहिल्या फेरीला आमचा तो तेलुगू माणूस, बाकीच्यांना समुद्र दाखवायला. अब्बा दोनदा गेले, तेव्हा कॅम्पची माणसं तिघेच बसली. अब्बा गावी गेल्यानंतरही ते थांबलं नाही. कच्च्या रस्त्यावरच्या पिंजरेवाल्याला आता नवऱ्याची गाडी ओळखू येते.

परवा आमच्या कोकणी मंडळींच्या एका घरी दावत होती. बाजूला बसलेल्या बाईने, जिच्या नवऱ्याचं मोठं दुकान आहे, मला आवाज खाली करून विचारलं, "खरं का गो, तुझा नवरा कॅम्पची माणसं घरच्या गाडीतून नेतो? सीट धुवायला लागत असतील."

"लागतात," मी म्हटलं. "वाळू फार येते. समुद्रावर गेलं की येतेच ना?"

तिने मान हलवली. मग थोड्या वेळाने, बिर्याणी वाढून घेताना, विचारलं, "समुद्र कुठे आहे गो तिकडे? आम्ही कधी गेलोच नाही."

मी तिला रस्ता सांगितला.